घरपोच सोय

मीरा रोडला निकेतने स्वतः बिअर बनवून तिथेच विकायचं छोटंसं दुकान थाटलं. धंदा करायचा तो जबाबदारीने, हा त्याचा हट्ट. आपल्याकडून पिऊन निघालेलं एखादं गिऱ्हाईक रस्त्यात कुणाला तरी उडवेल, या धास्तीने त्याला झोप लागेना. शेवटी त्याने गिऱ्हाइकांना घरी सोडायला फुकट गाडी ठेवली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत दुकानाचं नाव रंगवून घेतलं. गाडी रोज रिकामीच उभी राही.

"बसा ना, श्रीपतीकाका," त्याने आपल्याच बिल्डिंगमधल्या काकांना विनवलं.

"वेडा का रे तू? ही गाडी सोसायटीच्या गेटवर थांबली, तर कमिटीवरून काढतील मला! माझी स्कूटर बरी."

निकेतने गाडीवरचं दुकानाचं नाव पुसलं आणि तिथे 'भजनी मंडळ' असं लिहून घेतलं. त्या दिवसापासून गाडीत बसायला जागा मिळेना.

आठवडाभराने आई त्याच्यावर डाफरली, "श्रीपतीभावोजींकडे बघ जरा. रोज भजनाला जातात. गाडीतून उतरतात, तेसुद्धा अजून डुलतच असतात बिचारे. आणि तू? बिअर विकत बसलायस!"