बैलाचं पोट

पूर्वी निनवेच्या राजांच्या दारात असायचा तसा माणसाच्या तोंडाचा, पंखांचा बैल बेहनाम गावाच्या वेशीवर घडवत होता. शमूनी म्हातारी रोज सकाळी यायची, बोटातल्या अंगठीने बैलाचं पोट टकटक वाजवायची, कान लावायची आणि अवाक्षर न काढता निघून जायची. परवा तर तिने वितीवितीने पोट मोजलंसुद्धा.

बेहनामच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या गावात कुणीतरी पोकळ पुतळ्यावर दगडाचा मुलामा देऊन लोकांना फसवलं होतं, तेव्हापासून सगळेच मूर्तिकार चोर ठरले होते. हिला नक्की बैल घडवून घेणाऱ्या गावच्या कमिटीनेच पाळत ठेवायला धाडलेलं!

आज म्हातारीची अंगठी वाजली तशी त्याने छिन्नी खाली आपटली.

"मावशी, आरपार अस्सल दगड आहे! तसूभर जरी पोकळ निघाला, तर हे हात तोड माझे!"

"थोडासुद्धा पोकळ नाही?" म्हातारीचा चेहरा पडला.

"नाही म्हणजे नाही! कुणी पाठवलंय तुला?"



"कोण पाठवणार? मागच्या खेपेला बंदूकवाले आले, तेव्हा तिन्ही नातवंडांना तंदुरात लपवायला गेले रे. दोनच मावली."