कमरेत आत घेतलेली पॅंट

“मॅडम, संडासातून रक्त पडलं तर माणूस मरतो का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं भर वर्गात विचारलं आणि सगळे खिदळले. पाहुण्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. “मूळव्याधही असेल. पण वजन उतरत असेल, संडासला जाऊन आल्यावरही पोट साफ वाटत नसेल, तर गुदाशयाचा कॅन्सर असू शकतो. अंगावर काढलं तर आतडंच बंद पडतं.” ती घरी आली तेव्हा शिंपीकाम करणारे बाबा स्वतःचीच पॅंट पुन्हा कमरेत आत घेत होते. सकाळपासून तीन-तीनदा संडासला जाणारे बाबा तिला आठवले. “बाबा, रक्त पडतं ना?” मशीन थांबलं. “मूळव्याध आहे गं, आईला सांगू नकोस.” आई दारातच उभी होती. लेकीनं मशीनवरून पॅंट ओढली. “आता हिला टाका घालायचा नाही. उद्या दुकान बंद, शाळा बंद, तिघंही दवाखान्यात. तुम्हाला लाज वाटली तर तिथंही मीच बोलेन.”