जातीचा रकाना

प्रफुल रामटेकेने बशीत थिनर ओतलं आणि त्यात कापसाचा बोळा बुडवला. समोर पाटावर त्याच्या वडिलांचा, टिकारामचा, शाळेचा दाखला होता. लॅमिनेशन केलेला.

ती हौस टिकारामचीच. कागद घड्यांवर फाटायला लागला तेव्हा त्याने दुर्गला जाऊन तो जन्मभरासाठी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला होता. टिकाराम गेला, प्लॅस्टिक राहिलं. काल तहसीलीतल्या बाबूने ते बोटाच्या टोकाने परत सरकवलं. "लॅमिनेशनवाला नहीं चलेगा. असली कागज़ लाओ." उद्या शेवटची तारीख. घरात जातीचा जुना पुरावा हा एकच. जातीचं प्रमाणपत्र निघालं नाही तर लेकीची, उत्कर्षाची, नर्सिंगची सीट गेली. आणि शाळा बंद पडून जमाना झाला. दुसरा दाखला द्यायला तिथे कोणी नाही.

"पापा, रहने दो ना. फाटलं तर?" उत्कर्षा म्हणाली.

"तीस वर्सं काढले म्या पेंट शॉपात. मले थिनर शिकवून राहिली का?"

शिकवायची गरज नव्हतीच. प्रफुल नेमाचा माणूस. प्लांटमध्येही तो थिनर आधी एका कोपऱ्यात लावून बघे, मगच पुढे जाई. इथेही त्याने वरच्या कोपऱ्याचं प्लॅस्टिक सोडवलं आणि 'टिकाराम'मधल्या पहिल्या अक्षरावर बोळा टेकवला. कारकुनाची दौतीची शाई. जागची हलली नाही.

"पाह्य. पक्की हाय."

मग तो निर्धास्त झाला. गोंद थिनरमध्ये मऊ होत होता, प्लॅस्टिक दुधावरच्या सायीसारखं सुटत होतं. नाव मोकळं झालं. टिकारामच्या बापाचं नाव, गाव, जन्मतारीख मोकळी झाली. उत्कर्षा वाकून एकेक शब्द मोठ्याने वाचत होती. वासाने डोकं धरलं होतं, तरी दोघांनाही बरं वाटत होतं.

पुढचा रकाना जातीचा. तो हेडमास्तरांनी स्वतः भरला होता, खिशातल्या बॉलपेनने. हे प्रफुलच्या ध्यानात आलं तोवर बोळा फिरून झाला होता. 'महार' हा शब्द आधी फुगला, मग पसरला, मग कापसात उतरला. प्रफुलने कोरडं फडकं दाबलं, फुंकर घातली, पुन्हा फडकं दाबलं. फिकट निळा डाग तेवढा उरला. वरचं सगळं मात्र जागच्या जागी होतं.

ज्या शब्दापायी टिकारामला वर्गात वेगळ्या तरटावर बसवत, जो घासून घासून पिढ्या खपल्या तरी निघाला नाही, तो चार आण्यांच्या कापसाने निघाला होता. प्रफुल भिंतीला टेकला. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

उत्कर्षाने दप्तरातून निळं बॉलपेन काढलं.

"पापा, जगह तो खाली है. मी लिहून देते, सेम त्याच अक्षरात. कौन देखेगा?"

तिने टोपण काढलं. प्रफुलने तिचा हात धरला.

"नको बेटा. आपली जात आपन लिवली तं खोटी होते. थे दुसऱ्यानंच लिवली पायजे."