मोरीत ओतलेली पाणीपुरी

“काकू, नीट आठवा. बाहेरचं पाणी कुठं प्यायलात?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“छे हो! आमच्याकडं वीस मिनिटं उकळल्याशिवाय पाण्याला कुणी शिवत नाही,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. डोळे मात्र हळदीसारखे पिवळे झाले होते.

“ही नेहमीची कावीळ नाही. हिपॅटायटिस ई आहे, घाण पाण्यातून होणारा. तुमचं निभावेल, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतं. विषाणू घरच्याच पाण्यात असला, तर या सूनबाईंचं काय?”

सातव्या महिन्यातल्या मुग्धाचा हात आपसूक पोटावर गेला. सासूबाईंनी तो पाहिला आणि मान खाली घातली.

“घरच्या पाण्यात नाही,” त्या पुटपुटल्या. “महिन्यापूर्वी हिनं चोरून पाणीपुरी आणली होती ना...”

“ती तर तुम्ही हिसकावून घेतलीत, आई! मोरीत ओतली म्हणालात!”

“पुऱ्या कुरकुरीत होत्या गं. टाकवेनात.”

“आणि पाणी?”

“तेही प्यायले. दोन्ही पिशव्या.”

डॉक्टरीणबाई हसू दाबत चिठ्ठी लिहू लागल्या. “सूनबाई, तुमचंही रक्त तपासू. पण निम्मी काळजी मिटली.”

मुग्धाला कळेना, भांडावं की पाया पडावं. तिनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. “बाळ झालं की आपण घरीच करू. उकळलेल्या पाण्याची.”

सासूबाईंनी पिवळे डोळे मिटले. “कर हो. पण त्याला ती चव यायची नाही.”