गेटच्या अलीकडे

वडील गेल्यापासून त्यांची सफारीची जिप्सी चालवणाऱ्या रीताने नागझिऱ्याच्या जंगलात पंक्चर झालेलं चाक बदललं, तेव्हा शेजारच्या बांबूत अस्वल गुरगुरत होतं. तरी चाक सरळ बसावं म्हणून एकानंतर त्याच्या समोरचा, असे तिने सगळे नट आवळले आणि गाडी काढली. थोडं पुढे जाऊन ती पुन्हा थांबली. बांबू इथेही तेवढाच दाट होता. तिने पाना उचलला.

“आता काऊन उतरून राहिली व?” गाइड बकाराम दबक्या आवाजात खेकसला. “मरतं का? गेटवर आवळजो.”

“चाक थोडं चाललं का नट ढिले पडतेत, काका.”

“गेट काही लांब नाही.”

“बाबालेही तुमी हेच म्हटलं होतं. चाक गेटच्या आधीच निघालं.”

बकाराम गाडीतून उतरला. बांबूकडे तोंड करून तो तिच्या पाठीशी उभा राहिला.