फटफटीचं दुखणं

युद्धावरून परतलेल्या भावाची फटफटी खोकत होती. ती सुधारली तर उद्या मीच राहीला, माझ्या नव्या बायकोला, मेढ्याला माहेरी सोडणार होतो. नाहीतर तिकडून तिला न्यायला मुराळी येणार होता. भरल्या घरात आम्हाला एकांत नव्हता. गाडीच्या पुस्तकात होतं, कार्बोरेटरचं हवेचं तोंड अर्धं झाका. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय. एका हातात हँडल, दुसऱ्यात पुस्तक. ओसरीवर आई होती, तरी भीतभीत राहीला बोलावलं. तिनं कार्बोरेटर तळहातानं पुरता झाकला, इंजिन गुदमरायला लागलं. मी पुस्तक ठेवलं, तिचा हात धरून किंचित सरकवला. इंजिन एकसुरात चालू लागलं. दोष सापडला, तरी आम्ही तसेच उभे होतो. ओसरीवरून आई म्हणाली, “कळलं न्हवं दुखणं? मग सोड की रं हात!” मी सोडला, तिनंही बाजूला घेतला. फटफटी पुन्हा खोकली. राही हळूच म्हणाली, “आवं, परत एकदा बघूया?”