जुनीच गोळी

गजाननरावांचं हार्ट कमजोर झालं तेव्हा डॉक्टरांनी रॅमिप्रिल सुरू केली, आणि त्या गोळीनं त्यांच्यामागे कोरडा खोकला लागला. मल्हारगंजातल्या घरात, मागच्या खोलीत ते खोकायला लागले की सून संहिता गरम पाणी आणून द्यायची. मुलगा दारातून डोकावून वैतागायचा, “बाबा, किती ते!” शेवटी त्यानंच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेतली. पंधरा दिवसांत खोकला गेला, आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी गजाननरावांना चक्कर आली. पलंगाला टेकून फरशीवर बसले, ते जेवणाचं ताट येईपर्यंत तिथेच. दोनदा हाक मारली, पण पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवर गेले. “सुजय भिया, मला ती पहिलेवालीच गोळी दे.”

“काकाजी, पण त्यानं तर तुम्हाला खांसी होत होती ना?”



“होत होती. पण खोकलो की कोणी ना कोणी बघायला यायचं.”